अकरा गोटे

उमरखेड,
१२ जून २००६

शांतवन,

पाकिटावरचं अक्षर ओळखलंस की नाही कोण जाणे. मिशनच्या बोर्डिंगात तू माझ्या शेजारी बसायचास आणि माझ्या पाटीवरची गणितं बघून लिहायचास, तोच मी, दौलत टेकाम. पंचेचाळीस वर्षांनी पत्र आलं म्हणजे कोणाचं तरी लग्न नाही तर मयत, असं समजू नकोस. अजून तरी दोन्ही नाही. आश्रमशाळेतली मास्तरकी संपली, बायको चार वर्षांपूर्वी गेली, आणि मी इथंच उमरखेडला राहिलो. फोनवर हे बोलता आलं नसतं, म्हणून लिहितो.

माय अजून उंबरपोडात, धाकट्या भावाच्या घरी आहे. ऐंशीची झाली. यवतमाळचे डॉक्टर म्हणाले, काळीज थकलं आहे, दिवाळी बघेल की नाही सांगता येत नाही. तिला औषधाचं काही पडलेलं नाही. तिचं एकच चालू असतं: "मले वर खडकात नोको ठिऊ. खाली ठेवजो, सोमीजवळ."

सोमी माझ्या आधीची बहीण. दोन वर्षांची होऊन तापानं गेली. तेव्हा आमच्या झोपड्या, सगळं पोड, खाली होतं, आज तुमची बेथानी वस्ती आहे तिथंच. विहिरीच्या उत्तरेला, जिथं तुमच्या चर्चच्या मंडळीचं कापसाचं शेत आहे, तिथं आमची माणसं पुरलेली होती. प्रत्येकाच्या उशाला एक गोटा. अकरा गोटे होते. कोणता कोणाचा, ते माय अजून बोटांवर मोजून नावानिशी सांगते. सेहेचाळीस साली जमीन मिशनला मिळाली, आम्हाला आठ दिवसांत टेकडीवर जायला सांगितलं, आणि गोटे बांधावर गेले.

पण ते उपटण्याआधी तुझे वडील, बर्णबा उपदेशक, विहिरीपासून पावलं टाकत फिरत होते आणि वहीत काही लिहीत होते, हे मायनं डोळ्यांनी पाहिलेलं आहे. तुझ्या वडिलांची टापटीप आपल्याला माहीत आहे. बोर्डिंगात भाकऱ्या किती उरल्या तेसुद्धा ते लिहून ठेवायचे.

तर दोन गोष्टी मागतो. खाटेएवढी जागा आणि ती वही. तू मंडळीचा पंच आहेस असं ऐकलं. तुझा शब्द चालत असेल.

तुझा
दौलत

*

बेथानी वस्ती, ता. राळेगाव,
२९ जून २००६

प्रिय दौलत,

वस्तीतून तुला सलाम. तुझं अक्षर मी पाकिटावरच ओळखलं आणि उघडायच्या आधी पत्र घेऊन चर्चच्या ओट्यावर जाऊन बसलो. डोळ्यांत पाणी आलं असं लिहिलं तर तू हसशील, पण आलं. मावशींसाठी रोज प्रार्थना करतो आहे. बोर्डिंगातून पळून आपण दोघं पोडावर आलो होतो, तेव्हा त्यांनी मला मोहाची फुलं घालून केलेली भाकर दिली होती. ती चव अजून जिभेवर आहे.

वहीबद्दल मात्र वाईट वाटतं. वडिलांचे बरेच कागद जुन्या घरात होते आणि ते घर वाळवीनं पोखरलं. वहीही त्यातच गेली. आता मागे काही उरलेलं नाही.

जागेचं मी एकटा ठरवू शकत नाही, पंचांपुढे ठेवीन. पण एक गोष्ट तुला समजून घ्यावी लागेल. शेत यंदा राळेगावच्या विठ्ठलरावांनी मक्त्यानं केलं आहे. पाऊस मागे पडला तरी त्यांनी धूळपेरणी केली, आणि आता अंकुर वर आले आहेत. यंदाचं साल कसं आहे ते तुला सांगायला नको. या तालुक्यात असा आठवडा जात नाही की कुठल्या ना कुठल्या गावात ऐन तरण्या माणसाची तेरवी नसते. विठ्ठलरावांचा चुलतभाऊ मागच्या चैत्रात गेला. त्यांच्यापुढे शेताचा विषय काढायलाही जीव कचरतो.

आणि दौलत, रागावू नकोस, पण आमच्या लोकांचंही ऐक. नगरकडच्या गावांत आमच्या चौदा घरांना विहिरीवर चढू देत नव्हते. मिशनच्या साहेबांनी सांगितलं की तिकडं वऱ्हाडात रान रिकामं आहे, म्हणून ती माणसं पोरंबाळं पोटाशी बांधून इथं आली. मी वस्तीत जन्मलेलं पहिलं मूल. वडिलांनी कोणाचं वाईट चिंतलं असेल, असं मला वाटत नाही.

मावशींना माझा नमस्कार सांग.

ख्रिस्तात तुझा,
शांतवन

*

उमरखेड,
१६ जुलै २००६

शांतवन,

पत्र पोचलं. मी दहा दिवस पोडावर जाऊन आलो, म्हणून उशीर झाला.

मायला वाळवीचं सांगितलं. ती हसली. म्हणाली, "वाळवीलेई आमचंच सापडते खायाले." मग बोटांवर नावं मोजायला लागली.

तुझ्या लोकांना तिकडं पाणी भरू देत नव्हते, हे मला ठाऊक आहे. तुझे वडील वर्गात सांगायचे तेव्हा आम्ही पोडाची पोरं रडायचो. पण रान रिकामं होतं, हे साहेबांना कोणी सांगितलं, ते मला अजून कळलेलं नाही. बावीस झोपड्या होत्या. विहीर आमच्या आज्यानं खणलेली. रिकाम्या रानात विहीर असते का रे?

पवित्र शास्त्राच्या तासाला तुझ्या वडिलांनी एक गोष्ट शिकवली होती, तुला आठवते का बघ. परमुलखातून आलेला एक म्हातारा असतो. त्याची बायको मरते. तो तिथल्या लोकांपुढे वाकून म्हणतो, मी तुमच्यात उपरा आहे, माझ्या माणसाला ठेवायला मला जागा द्या. ते लोक म्हणतात, घे, आमच्यातली चांगल्यातली चांगली जागा घे. ही गोष्ट सांगताना बर्णबामास्तरांचा आवाज कापायचा. आम्हाला वाटायचं, मास्तरांना त्या म्हाताऱ्याचं दुःख होतं. आता वाटतं, त्यांना दुसरंच काही आठवत असावं. इथं सगळं उलटं झालंय बघ. जे मुलखातले, तेच वाकून मागतायत.

असो. टोमणे मारायला पत्र लिहिलेलं नाही. वही नाही तर नाही. मायला एकदा खाटेवर घालून शेतात नेऊ दे. ती म्हणते, विहिरीपाशी बसवलं की हात करून दाखवीन, सोमी कुठं आहे आणि बाकीचे कुठं. मोहाचं मोठं झाड होतं त्याची खूण आता नाही, पण तिला अदमास आहे. चौघं जण खाट धरतील आणि तासभरात परत जातील. कापसाची पऱ्हाटी अजून गुडघ्याएवढीही नाही. आता नेलं तर कोणाचं काही बिघडत नाही.

तिचा श्वास लागतो आहे. लवकर कळव.

दौलत

*

बेथानी वस्ती,
२० ऑगस्ट २००६

प्रिय दौलत,

उशिराबद्दल क्षमा कर. पंचांची बैठक दोनदा पुढे गेली, पण अखेर झाली, आणि मला तुला आनंदाची बातमी द्यायची आहे.

तुझी दोन्ही पत्रं मी मोठ्यानं वाचली.  आमच्या एका म्हाताऱ्या पंचांनी तर उभं राहून कबूल केलं की गोटे बांधावर टाकणाऱ्यांत त्यांचे वडील होते. मग पाळकसाहेब म्हणाले, भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे हे माहीत असताना वेदीपुढे दान आणण्यात अर्थ नाही, आधी जाऊन समेट केला पाहिजे. सर्वानुमते ठरलं की मंडळीनं उंबरपोडावर जाऊन साऱ्या पोडाची माफी मागायची. साठ वर्षांत कोणी हे केलं नाही. मी घरी येऊन गुडघे टेकले.

जमिनीचं म्हणशील तर कापसाचा वेचा संपल्यावर, म्हणजे जानेवारीनंतर, पुन्हा बसायचं ठरलं आहे. खाट नेण्याचंही तोवर थांबावं असं मत पडलं. विठ्ठलराव म्हणाले, "भाऊ, पात्या-फुलं धरून राह्यली. मले या साली पऱ्हाटीची एक ओळबी सोडता येत नाही." पंचांपैकी काहींना अशीही भीती वाटली की आज म्हातारी येऊन बोट दाखवेल आणि उद्या सगळं शेतच मागतील. मी त्यांना समजावलं. माणसाची मनं एका बैठकीत बदलत नाहीत, हे तू मास्तर म्हणून जाणतोसच.

माफीचा दिवस रविवार, १७ सप्टेंबर धरला आहे. आमच्याकडे शेतात निंदायला येणारी पोडावरची तुळसाबाई म्हणाली, त्या दिवशी आमचं गाव बांधायचं आहे, कोणीच मजुरीला जाणार नाही, सगळे घरीच असतात. याहून चांगला दिवस कुठला! एरवी अर्धं पोड रानोमाळ असतं. आम्ही वीस जण येऊ. बायका लाडू करणार आहेत.

तू त्या दिवशी तिथं असावंस अशी फार इच्छा आहे.

ख्रिस्तात तुझा,
शांतवन

*

बेथानी वस्ती,
१८ सप्टेंबर २००६

दौलत,

तुझं उत्तर आलं नाही आणि काल तू दिसलाही नाहीस. तुझ्या भावाच्या घराला कडी होती. मावशी कुठं आहेत?

काल जे झालं ते कोणाजवळ बोलावं कळत नाही. उपासनेनंतर आम्ही निघालो. पोडाच्या वाटेवर दोन झाडांना पळसाच्या पानांचा दोर आडवा बांधलेला होता. आमच्या बायकांना वाटलं की आपल्या स्वागताला तोरण बांधलंय. पाळकसाहेबांच्या सुनेनं तो फार जपून सोडला, तुटू नये म्हणून गुंडाळी करून हातात घेतला, आणि आम्ही गीत म्हणत आत गेलो.

आत सगळी माणसं चावडीपुढे बसलेली होती. आम्हाला पाहून कोणी हललं नाही. एक बाई रडायला लागली. पोडाचा प्रमुख, पैकू नाईक, आमच्याकडे पाठ करून उभा राहिला तो शेवटपर्यंत वळलाच नाही. पाळकसाहेबांनी माफीचा कागद वाचला. मीही गुडघ्यांवर बसलो आणि वडिलांच्या नावानं क्षमा मागितली. त्या पाठीकडे बघूनच मागितली. लाडवाला कोणी हात लावला नाही. निघताना सुनेनं दोर परत द्यायला हात पुढे केला, तर माणसं मागे सरकली.

परतताना चर्चच्या दारापाशी येईपर्यंत आमचे लोक बोलायला लागले. आपण वाकलो तरी त्यांनी पाठ फिरवली, मग आता आपली जबाबदारी संपली, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांना अडवलं नाही, कारण मलाही अपमान वाटत होता.

आमचं काय चुकलं, तू तरी सांग.

शांतवन

*

उमरखेड,
३० सप्टेंबर २००६

शांतवन,

तुझी ऑगस्टची आणि सप्टेंबरची पत्रं मला एकाच दिवशी मिळाली, परवा. दोन्ही दाराच्या आत पडून होती. ऑगस्टच्या अखेरीपासून मी आणि भाऊ मायला घेऊन यवतमाळच्या दवाखान्यात होतो. ऑगस्टचं पत्र वेळेवर हातात पडलं असतं, तर तुला अडवायला मी पायी चालत आलो असतो.

गाव बांधणं म्हणजे सण नाही, शांतवन. आजार, साप, वाघ, वाईट वारं, काहीही आत येऊ नये म्हणून नाईक शिवेवर खिळे ठोकतो आणि वाटांवर दोर बांधतो. दुसऱ्या दिवशी उन्हं वर येईपर्यंत बाहेरचं कोणी आत नाही, आतलं कोणी बाहेर नाही. तू पोडापासून दीड कोसावर साठ वर्षं राहिलास. तुला हे ठाऊक नव्हतं, याचं मला तुमच्या दोर सोडण्याहून जास्त वाईट वाटतं. नाईकानं पाठ फिरवली ती तुमच्यासाठीच. बांधलेल्या गावात आलेल्याचं तोंड नाईकानं बघितलं, तर ते आलेल्याला बाधतं, असं आमच्यात मानतात.

दोर सुटलेलं गाव पुन्हा बांधावं लागतं, आणि ते तीन दिवस. मंगळवारी बांधलं. बुधवारी आम्ही मायला घेऊन आलो. डॉक्टरांनीच सांगितलं होतं, घरी न्या. फाट्यावर एसटीतून उतरून बैलगाडी केली आणि शिवेपाशी आलो, तर दोर. पलीकडून पैकू नाईक आला. म्हातारा रडत होता. "दौलत, एकडाव सुटलं. आता मीच सोडलं तर पोड उठवा लागते. शुक्रवारपावतर थांब."  मायच म्हणाली, "नोको सोडू रे पैकू. मी बसतो अठीच."

दोराच्या अलीकडे बेहड्याच्या झाडाखाली गाडी सोडली. तिथून भावाच्या घराचं छप्पर दिसत होतं. माय तो दिवस आणि ती रात्र ते बघत पडून होती. पलीकडून पोडातल्या बायका पाणी आणून दोरापाशी ठेवायच्या आणि मागे सरायच्या, मग आम्ही उचलायचो. गुरुवारी सकाळी दहाच्या सुमाराला ती गेली.

पुढचं तुला माहीत आहे, तू तिथं होतास. तुळसाबाई त्या दिवशी खालीच अडकून पडली होती, तिनंच तुला सांगितलं ना? तू धावत बेहड्याखाली आलास. बांधलेल्या शिवेबाहेर गेलेल्याला वर ठेवता येत नाही, एवढंच मी तुला म्हणालो. तू ऐकलंस आणि खाली गेलास. आम्ही मायला घेऊन पोचलो तेव्हा तू एकटा वाकून पऱ्हाटी उपटत होतास. बोंडं धरलेली झाडं. तुझ्या हातांना रक्त आलं होतं. विठ्ठलराव बांधावर येऊन उभे राहिले, ओरडलेसुद्धा नाहीत, फक्त डोक्यावरची टोपी काढून हातात धरली. हे मी विसरणार नाही. वाईट लिहितो तसं हेही लिहिलं पाहिजे.

पण जागा अंदाजानं धरली. मोहाचं झाड नाही, गोटे नाहीत, आणि दाखवणारीच खाटेवर होती. सोमी तिच्या जवळ आहे की लांब, कोण सांगणार? भावाला मी म्हटलं, जवळच असेल. खोटं बोललो. वाळवीवर राग धरून काय करू?

दौलत

*

बेथानी वस्ती,
५ नोव्हेंबर २००६

दौलत,

हे पत्र मी चार वेळा लिहून फाडलं. हे पाचवं आहे, आणि यात आधी वस्तीच्या बातम्या सांगून तुला गुंतवणार नाही. वाळवी नव्हती. वही माझ्याजवळ आहे.

वडिलांच्या काळ्या पत्र्याच्या पेटीत, त्यांच्या कोटाच्या घडीत आहे. ते गेले तेव्हापासून तिथंच आहे. जूनमध्ये तुझं पत्र आलं त्याच दुपारी मी ती काढून बघितली होती. अकरा ओळी आहेत. विहिरीच्या उत्तर कोपऱ्यापासून किती पावलं, मग उगवतीला किती, गोटा केवढा. बघितलं, पुन्हा घडीत ठेवली, आणि तुला वाळवीचं लिहिलं.

कशासाठी, ते सांगतो. वही म्हणजे आमच्याच हातचा पुरावा. ती बाहेर आली तर शेत जाईल, शेत गेलं तर त्याच्या मक्त्याच्या पैशावर जगणाऱ्या पाळकांचं आणि चार विधवांचं कसं व्हायचं, असं मी स्वतःला समजावलं. हे खोटं नाही, पण खरं कारण दुसरंच आहे. चर्चच्या भिंतीवर वडिलांच्या नावाची फरशी आहे. दर रविवारी मी तिच्याखाली बसतो. त्या माणसानं मोजूनमापून, समजून उमजून कबरी नांगराखाली घातल्या, हे लोकांना कळू नये असं मला वाटलं. माफी मागायला मी सगळ्यांच्या पुढे होतो, दौलत. माफी मागायला काही सोडावं लागत नव्हतं. गुडघे टेकले ते तुमच्याच टेकडीवर, आणि परत येऊन झोपलो आमच्याच शेताच्या काठी.

मावशींना ठेवलं त्याच्या दुसऱ्या आठवड्यात मी वही घेऊन विहिरीपाशी गेलो. वडिलांचं पाऊल माझ्याएवढंच होतं, त्यांच्या चपला मी वापरल्या आहेत. उत्तरेला बेचाळीस, उगवतीला नऊ. सातवी ओळ. तिच्यापुढे लिहिलंय, "गोटा वीतभर, बहुधा मूल." लहान गोटा तो एकच आहे. तिथून मावशींच्या मातीपर्यंत मी तीनदा चाललो. सतरा पावलं. सतरा पावलं चुकलंय, आणि तो अंदाज तुमचा चुकला नाही, मी चुकवला.

शेवटच्या पानावर वडिलांनी एक वाक्य लिहिलं आहे. जूनमध्ये मी तिथवर वाचलंच नव्हतं. "हे मोजून ठेवले, कारण कधी तरी कोणी विचारील." साठ वर्षांनी तू विचारलंस.

मला पंचांतून काढलं आहे. मीच वही बैठकीत ठेवली, त्याच दिवशी. काही लोक बोलत नाहीत, पाळकसाहेब माझं नाव घेऊन प्रार्थना करतात. ते सोसता येतं. तू पुन्हा कधी लिहिलं नाहीस तरी मी समजून घेईन.

शांतवन

*

उमरखेड,
३१ डिसेंबर २००६

शांतवन,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी ते चुलीत घालणार होतो. नंतर वाटलं, कागद जाळायची आपल्याला सवय लागू नये. घेऊन पोडावर गेलो आणि चावडीत वाचून दाखवलं. सगळं वाचलं, सतरा पावलांसकट. भाऊ उठून बाहेर गेला. तो अजून तुझ्याविषयी एक शब्द बोलत नाही, आणि मी त्याला बोल म्हणणारही नाही. मीही तुला माफ केलं असं लिहीत नाही. ते लिहिणं सोपं आहे, हे तुझ्याचकडून शिकलो.

पोडानं ठरवलं ते कळवतो. मायला काढून हलवायचं नाही. एकदा ठेवलेल्या माणसाला आम्ही हात लावत नाही. पण तिच्या आणि सोमीच्या मधल्या सतरा पावलांत कोणी पेरू नये. वखर नको, डवरा नको, गवत वाढेल तेवढं वाढू दे. विठ्ठलरावांना मी स्वतः भेटलो. ते म्हणाले, "मास्तर, यंदा लाल्या रोगानं अर्धं शेत तसंच गेलं. तेवढ्यानं मी काही मरत नाही." पुढच्या सालाचं तुमच्या पंचांनी बघायचं आहे. तू पंच नसलास तरी रविवारी त्यांच्यातच बसतोस. दर रविवारी त्यांना विचारत राहा. तुझ्याकडून मला एवढंच हवं आहे, आणि ते तू मरेपर्यंत करायचं काम आहे.

आता एक शेवटचं. वहीत अकरा जागा आहेत, नावं नाहीत. तुझ्या वडिलांनी कोणाला विचारली नसतील, किंवा त्यांची विचारायची छाती झाली नसेल. नावं मायजवळ होती. मी तिचा मुलगा, शिकलेला, मास्तर, आणि मी ती कधी लिहून घेतली नाहीत. ती बोटांवर मोजायची तेव्हा मी हो हो म्हणायचो. मला वाटायचं, म्हातारीचं नेहमीचंच चाललंय. पैकू नाईकाला विचारलं, तो तेव्हा पाळण्यात होता. पोडात दुसरं कोणी उरलेलं नाही.

तुझ्याजवळ जागा होत्या आणि मायजवळ नावं होती. जूनपासून सप्टेंबरपर्यंत दोन्ही या जगात होती, दीड कोसाच्या अंतरावर. एक दुपार पुरली असती.

फेब्रुवारीत ये, गाव बांधलेलं नसेल तेव्हा. शिवेपाशी थांबून हाक मार, मी न्यायला येईन. वही आण. सातव्या ओळीपुढे सोमीचं नाव मी माझ्या हातानं लिहीन. बाकीच्या दहा ओळी आहेत तशाच राहतील.

दौलत